गोठा आणि गोष्ट

'गोष्ट' हा शब्द 'गोष्ठी'पासून आला आणि 'गोष्ठी' हा 'गोष्ठ'पासून, हे व्युत्पत्तीच्या अभ्यासकांना नवे नाही. गोष्ठ म्हणजे गाई बांधण्याची जागा. आपला गोठाही तेथूनच निघाला. गुरांच्या जागेवरून माणसांच्या बैठकीला नाव मिळाले, बैठकीवरून तेथील संभाषणाला, आणि पुढे मराठीत कथेला. व्युत्पत्तीवरून वाङ्मयीन सिद्धान्त उभारण्याचा मोह टाळलेला बरा, हे मला मान्य आहे. तरीही ज्या भाषेत गोठा आणि गोष्ट हे एकाच कुळीचे शब्द आहेत, त्या भाषेतील कथेत गोठ्यातील साधा दिवस इतका क्वचित का यावा, हा प्रश्न मला गेली काही वर्षे पडला आहे.

जनावर मराठी कथेत येत नाही, असे मला म्हणावयाचे नाही. उलट ग्रामीण कथा म्हटली की बैल हा आलाच, असे आपण गृहीत धरून चालतो. परंतु तो येतो केव्हा, हे पाहण्यासारखे आहे. तो बाजाराला निघतो तेव्हा येतो. दुष्काळात दावणीला बसतो तेव्हा येतो. सावकार सोडून नेतो, पान लागते, विहिरीत पडतो, तेव्हा येतो. या प्रसंगांच्या मागे जी वर्षे उभी असतात, त्यांचा कथेत सहसा मागमूस नसतो. बैल दहाबारा वर्षे खांद्यावर जू वागवितो, गाय एकामागून एक वेते देते, शेण रोज पडते व रोज उचलावे लागते. ज्याला आपण जनावरे पाळणे म्हणतो ते या वर्षांतच घडते. निरोपाचा प्रसंग आला याचा अर्थ पाळणे संपले एवढाच होतो. आणि आपली कथा नेमकी तेथे सुरू होते.

हे मी अभनपूरहून लिहीत आहे. हा उल्लेख आत्मचरित्रासाठी नव्हे, तर माझी मते कोठे उभी राहून बनली हे वाचकांना कळावे म्हणून. रायपूरहून धमतरीकडे जाणाऱ्या वाटेवरचे हे गाव. अरुंद रुळांची जुनी गाडी चालत होती तेव्हा राजीमचा फाटा येथेच फुटत असे. नागपूर आणि रायपूर 1956 च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत एकाच राज्यात होती, आणि त्याच्या कितीतरी आधी भोसल्यांच्या अमलाबरोबर मराठी कुटुंबे छत्तीसगढात येऊन स्थायिक झाली होती. अशाच एका घरात नागपूरला एम.ए. करून मी सून म्हणून आले. धानाची थोडी जमीन, दोन गाई, एक बैलजोडी आणि त्या त्या वर्षीची वासरे, एवढा त्या घराचा पसारा. गुरांविषयी मला जे काही कळते ते सासूबाईंच्या हाताखाली कळलेले आहे. साहित्याची पदवी गोठ्यात उपयोगी पडली नाही हे ठीकच. पण पुढे मी समीक्षा लिहू लागले तेव्हा गोठ्यात जे कळले होते तेही मी तेथेच ठेवून आले. त्या चुकीची दुरुस्ती करणे हाही या लेखाचा एक हेतू आहे.

प्रश्नाकडे लक्ष वेधले ते भाषांतरामुळे. शेजारच्या एका वृद्धेने सांगितलेल्या आठवणी मी छत्तीसगढीतून मराठीत आणीत आहे. या आठवणींत मोठे असे काही घडत नाही. त्यांतील निम्म्याहून अधिक भाग गुरांचा आहे. रायपूरला ज्यांच्या आयुष्याची अखेर झाली ते माधवराव सप्रे 'दासबोध' आणि 'गीतारहस्य' हिंदीत घेऊन गेले. त्यांना अडचणी आल्याच असतील. परंतु ब्रह्म, माया, कर्म हे शब्द दोन्ही भाषांत एकाच संस्कृत भांडारातून येतात. शेणाचे शब्द तसे येत नाहीत. छत्तीसगढीत गोठ्याला 'कोठा' म्हणतात. मराठी वाचकाला कोठा म्हणजे धान्य साठविण्याची जागा वाटेल, आणि हिंदी कादंबऱ्या वाचलेल्या वाचकाला आणखी काही. येथे गोवरीला 'छेना' म्हणतात. मराठीत त्या शब्दाने बंगाली मिठाई आठवते. 'राऊत' म्हणजे आपल्याकडे घोडेस्वार, लढवय्या. येथे राऊत म्हणजे गाव राखणारा गुराखी. त्यालाच 'पहटिया' असेही म्हणतात, आणि हा शब्द ऐकला की मराठी कानाला पहाट आठवल्याशिवाय राहत नाही. वर्षाच्या ठरलेल्या धानावर तो साऱ्या गावाची गुरे चारावयास नेतो, आणि दिवाळीच्या सुमारास घरोघरच्या कोठ्यात जाऊन गाईच्या गळ्यात पळसाच्या मुळांची विणलेली 'सोहई' बांधतो. यासाठी मराठीत शब्द नाही, कारण ही रीत नाही.

तिथीचेही असेच आहे. श्रावणातील अमावास्येला येथे हरेली असते. त्या दिवशी नांगर, कुदळ, फावडे धुऊन पुजतात आणि गुरांना कणकेचे गोळे व औषधी पाला चारतात. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो आणि आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे हीच तिथी मराठी पंचांगात आषाढी अमावास्या होते, आणि त्या दिवशी घरोघर दिवे घासून पुजले जातात. आमच्या घरी सासूबाई सकाळी देवघरात दिव्यांची आरास करीत आणि लगेच अंगणात येऊन नांगराला हळदकुंकू लावीत. त्यांना यात दोन संस्कृतींचा संगम वगैरे दिसला नाही. कामे दोन होती, ती उरकावयाची होती.

आता मुद्द्याकडे येते. त्या वृद्धेच्या आठवणींत एक तपशील वारंवार येतो आणि तो आमच्या गोठ्यातही रोज घडत असे: वासराला किती दूध सोडावयाचे हा निर्णय. धार काढण्यापूर्वी वासरू सोडावे लागते. ते ढुशा देते, सड ओढते, गाय पान्हा सोडते. आणि पान्हा आला की वासराला ओढून गाईच्या पुढच्या पायाशी बांधावयाचे. गाय त्याला चाटीत राहते आणि आपण धार काढतो. चार सडांपैकी किती पिळावयाचे आणि किती वासरासाठी ठेवावयाचे, हे कोठे लिहिलेले नसते. सासूबाई दोन ठेवीत. दुधाचे पैसे द्यावयाची वेळ आलेली असली की एक. कालवड असली तर हात सैल होई. गोऱ्हा असला आणि घरात बैलाची गरज उरली नसली, तर त्याच्या वाट्याचे दूध कोणी काही न बोलता कमी होत जाई. ज्या हाताने त्या वासराच्या मानेखाली खाजवीत, त्याच हाताने त्याला ओढून बांधीत. रोज दोनदा, वर्षानुवर्षे.

आमच्या भक्तिकाव्यात गाय आणि वासरू ही देव आणि भक्त यांची सर्वांत लाडकी प्रतिमा आहे. तेथे पान्हा फुटतो आणि वासराला मिळतो. मधे माणूस नाही, चरवी नाही, वासराच्या गळ्यातील दोरी नाही. ही प्रतिमा खोटी आहे असे नव्हे. ती पान्ह्याचा क्षण घेते आणि पुढचा क्षण सोडून देते. काव्याला तो अधिकार आहे. परंतु ज्या कथेने वास्तवाशी इमान राखण्याची शपथ घेतली, तिनेही पुढचा क्षण सोडून द्यावा हे चमत्कारिक वाटते.

छोट्या शेतकऱ्याच्या घरी माया आणि हिशेब ही एकाच माणसाच्या मनात राहतात. जो वासराला गोंजारतो तोच त्याच्या दुधाचे मोल करतो. जो बैलाला नावाने हाक मारतो तोच त्याची किंमत करतो. आपली कथा मात्र या दोहोंची फारकत करते. ती माया एका पात्राकडे देते आणि हिशेब दुसऱ्याकडे. प्रेमळ गडी व निर्दय मालक, भोळा बाप व व्यवहारी मुलगा, हळवी सून व चिक्कू सासरा, ही वाटणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती वाटणी आहे हे ध्यानातही येत नाही. वाटणी झाली की निरोपाचा प्रसंग आपोआप येतो, कारण हिशेबाच्या पात्राने जनावर न्यावे आणि मायेच्या पात्राने रडावे, याखेरीज त्या दोघांना करण्यासारखे काही उरत नाही.

शेजारच्या साहित्यांत असे नेहमीच होत नाही. शरच्चंद्रांच्या 'महेश' या कथेची कीर्ती तिच्या शेवटामुळे आहे. परंतु मला तिचे मोठेपण अलीकडील दोन तपशिलांत दिसते. गफूर स्वतःच्या छपरातील पेंढा उपसून महेशला घालतो. आणि हाच गफूर एकदा त्याच महेशसाठी कातड्याच्या व्यापाऱ्यांकडून विसार घेऊन बसतो, मग त्यांना हाकलून देतो. छप्पर आणि विसार ही दोन्ही एकाच माणसाची. जमीनदार तेथे आहे, त्याचा जुलूम आहे. पण गफूरच्या मनातील झगडा जमीनदाराच्या अंगावर ढकलून लेखक मोकळा झालेला नाही. 'गोदान'मधील होरीही असाच. त्याला गाय हवी आहे ती पुण्यासाठी, दारच्या शोभेसाठी, गावातील पतीसाठी आणि मुलाच्या दुधासाठी, आणि ती मिळविण्यासाठी तो भोलाला दुसऱ्या लग्नाचे आमिष दाखवितो. गाईवर जीव टाकणारा होरी थोडा लबाड आहे, आणि त्यामुळेच तो आपल्याला पटतो. याच प्रेमचंदांच्या 'दो बैलों की कथा'त मात्र चांगला धनी व वाईट धनी अशी वाटणी आहे. तेथे बैलच नायक आहेत, तेव्हा ती खटकत नाही.

मराठीत या दृष्टीने पाहावयाचे तर पहिले नाव कथाकाराचे येत नाही. 'शेतकऱ्याचा असूड' 1883 मध्ये लिहिताना जोतीराव फुल्यांनी जंगलखात्याने चराऊ राने अडविल्याचा आणि त्यामुळे शेतकऱ्याच्या गुरांची दैना झाल्याचा मुद्दा मांडला. त्या गद्यात जनावर हा प्रथम चाऱ्याचा प्रश्न आहे. बहिणाबाई चौधरींच्या कवितेत गोठा आतून पाहिलेला आहे, कारण त्या स्वतः राबणाऱ्या होत्या. परंतु बैलाची सर्वांना आठवते ती त्यांची कविता पोळ्यावरची, म्हणजे वर्षातील त्या एका दिवसाची ज्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू नसते. यात दोष कवयित्रीचा नाही. पाठ्यपुस्तकांना सण हवे असतात.

कथेच्या क्षेत्रात व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (1955) पुन्हा वाचताना मला एक नवी गोष्ट जाणवली. तेथे जनावर एकटे नाही, कळप आहे. कळपातील प्रत्येक मेंढराचा निरोप घेता येत नाही. मेंढरे मोजावी लागतात. दुष्काळ येतो, मेंढरे मरतात, वाडी उठते, आणि माडगूळकर हे जवळजवळ मोजणीच्या स्वरात सांगतात. त्यांच्या संयमाची स्तुती आपण नेहमी शैलीचा गुण म्हणून करतो. मला वाटते तो मेंढपाळाच्या व्यवहारातून आलेला गुण आहे; ज्याचे धन चालते-फिरते असते त्याला प्रत्येक जिवासाठी थांबता येत नाही. मात्र कादंबरी सांगणारा आहे तो शाळामास्तर. तो बाहेरून आलेला आणि अखेर बाहेर जाणारा आहे. पहाटे वाड्यात काय चालते हे तो ऐकतो, स्वतः करीत नाही. ही मर्यादा मला ओळखीची आहे.

आता आनंद यादवांचा 'गोतावळा' (1971). या कादंबरीवर मी बऱ्याच वर्षांपूर्वी एक लेख लिहिला होता. त्यात ती यंत्रयुगाने गिळलेल्या कृषिसंस्कृतीची विलापिका आहे, असे मी म्हटले होते. ट्रॅक्टर येतो, मळ्यातील जनावरे एकेक करून नाहीशी होतात, नारबाचा गोतावळा मोडतो. या उतरत्या रेषेतच तिचे सामर्थ्य आहे, असे माझे तेव्हाचे प्रतिपादन. ते आज मला अपुरे वाटते, काही अंशी चुकीचेही.

तो लेख छापून आला त्याच्या काही वर्षांनी आमची बैलजोडी गेली. भाड्याचा ट्रॅक्टर गावात आला होता, कापणीला हार्वेस्टर येऊ लागला होता. जोडी वर्षातले मोजके दिवस कामाची आणि बारा महिने पैऱ्याची धनी झाली होती. (पैरा म्हणजे धानाचे तणस; हार्वेस्टरने कापलेल्या शेतात तेही हाती लागत नाही.) मंगळवार होता, मी उत्तरपत्रिका तपासीत बसले होते. नेणारा माणूस आला, पैसे मोजले गेले, जोडी गेली. कोणी रडले नाही. मी स्वतः वाट पाहत होते की काहीतरी वाटेल. 'गोतावळा' मला पाठ होता म्हणा ना. काही वाटले नाही. वाटले ते दुसऱ्या दिवशी, आणि तेही सासूबाईंना. त्या नेहमीच्या वेळी उठल्या, दोन घमेली घेऊन गेल्या आणि एक रिकामे घेऊन परत आल्या. नंतर बरेच दिवस त्या एकच घमेले नेत नव्हत्या, दोन नेत.

या अनुभवाने कादंबरीचे मोजमाप करणे अन्यायाचे होईल. एका घरचा मंगळवार हा काही समीक्षेचा निकष नव्हे. परंतु त्यानंतर 'गोतावळा' वाचला तेव्हा माझे लक्ष ट्रॅक्टरवर न राहता त्याच्या आधीच्या पानांवर गेले. ज्या पानांना मी पूर्वी 'पार्श्वभूमी' म्हटले होते ती पाने मला या वेळी कादंबरीच वाटली. नारबाला प्रत्येक जनावराचा स्वभाव माहीत आहे. कोण खोडकर, कोण आळशी, कोण कोणाशेजारी बांधले तर निमूट राहते. त्याच्या बोलीतील क्रियापदे कामाची आहेत. कोल्हापूरकडची बोली निवेदनासाठी वापरली याचे कौतुक आपण 'प्रयोग' म्हणून केले. खरे म्हणजे प्रमाण मराठीत हे ज्ञान सांगण्यास शब्दच अपुरे पडले असते. मराठी कादंबरीत गोठ्याचे ज्ञान इतक्या विपुलपणे यापूर्वी आले नव्हते असे मला वाटते, आणि यादवांचे मोठेपण येथे आहे. विलाप कोणालाही करता येतो.

आणि आक्षेप? तोही याच जागी आहे. नारबा हा सालगडी आहे. जनावरे त्याची नाहीत, म्हणूनच त्याला त्यांच्यावर निर्भेळ माया करता येते. वैरणीला किती पैसे गेले, भाकड म्हैस आणखी सहा महिने ठेवणे परवडेल काय, हा विचार त्याला करावा लागत नाही. तो मालकाने करावयाचा, आणि केला की मालक वाचकाच्या मनातून उतरावयाचा. माया एका खोलीत, हिशेब दुसऱ्या खोलीत. नारबाचे एकाकीपण यादवांनी विलक्षण ताकदीने उभे केले आहे. पण ज्याच्या मालकीची दोनच जनावरे आहेत आणि ज्याला पहाटे त्यांचे शेण काढून रात्री त्यांच्या किंमतीचा विचार करावा लागतो, तो माणूस या कादंबरीत नाही. महाराष्ट्रातच काय, साऱ्या देशात गुरे पाळणाऱ्यांमध्ये असेच लोक जास्त आहेत.

हा माणूस यादवांना माहीत नव्हता असे नाही. पुढे 'झोंबी'त (1987) तो येतो, त्यांचा बाप होऊन. तो राबतो आणि राबवून घेतो. मुलाची शाळा आणि मळ्यातील काम यांच्या तराजूत तो कामाचे पारडे जड करतो, आणि त्याबद्दल आपण त्याच्यावर चिडतो. पण त्याचा हिशेब हा गरजेचा हिशेब आहे हेही त्याच पानांवर कळते. आत्मचरित्रात यादवांना वाटणी करता आली नाही, कारण बाप एकच होता. कलाकृती म्हणून 'गोतावळा' अधिक रेखीव आहे हे मान्य करूनही, या एका बाबतीत मी 'झोंबी'ला वरचे स्थान देईन.

गोठ्याचे बहुतेक काम बायका करतात, हे सांगण्याची गरज नसावी. पण आपल्या ग्रामीण कथेचा निवेदक बहुधा पुरुष असतो आणि त्याच्या डोळ्यांपुढे औताचा बैल असतो. गाय, म्हैस, शेळी, कोंबडी ही मागीलदारची जनावरे. संतचरित्रांत जनाबाईच्या गोवऱ्यांची कथा आहे: तिच्या गोवऱ्या चोरीला गेल्या आणि कोणत्या तिच्या ते ओळखावयाचे कसे, तर कानाशी धरल्यावर ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू येईल त्या. ही कथा आपण नाममाहात्म्यासाठी सांगतो. माझ्या सासूबाईंना तिच्यात दुसरेच काही दिसे. गोवऱ्यांवरून भांडण होते, कारण गोवऱ्यांना किंमत होती, आणि दासी असलेली बाई आपल्या मालावरचा हक्क सोडावयास तयार नव्हती. भक्ती आणि मालकी तेथे एकाच गोवरीत आहेत. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या ज्या लाखभर ओव्या संकलित झाल्या, त्यांत गुरांचा भाग वेगळा काढून कोणी अभ्यासला तर मराठी कथेने काय गमावले ते कळेल अशी मला शंका आहे.

जनावराच्या मरणानंतर काय होते, याविषयीही ग्रामीण कथा गप्प असते. बैल मेला, धनी रडला, कथा संपली. परंतु मेलेले जनावर गोठ्यातून कोणीतरी ओढून नेले पाहिजे. ग्रामीण कथा जेथे थांबते तेथे दलित आत्मकथन सुरू होते. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (1978) तेच जनावर दुसऱ्या बाजूने दिसते, जोहार आणि वाटा यांच्या जगातून. महाडच्या 1927 च्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत मांस सोडण्याचे आवाहन केले तेव्हा गोठा आणि गावकूस यांच्यामधील हा न लिहिलेला करार मोडण्यास आरंभ झाला. आपण 'ग्रामीण' आणि 'दलित' अशी दोन कपाटे केली आणि एकाच बैलाचे जगणे एका कपाटात, मरण दुसऱ्या कपाटात ठेवले. छत्तीसगढात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. गुरू घासीदासांच्या सतनामी पंथात गाईला नांगराला जुंपू नये, दुपार टळल्यावर नांगर धरू नये, असे नियम असल्याचे परंपरा सांगते. ज्या समाजावर इतरांनी मेल्या जनावराचे काम लादले होते, त्याच समाजाने जिवंत जनावराच्या कामाचे तास ठरवून दिले. यावर मराठीत किंवा हिंदीत एखादी कादंबरी माझ्या वाचनात आलेली नाही.

दरम्यान कथेच्या पायाखालची जमीन सरकली आहे. छत्तीसगढात 2004 पासून कृषिक पशू परिरक्षणाचा कायदा आहे. महाराष्ट्रात 2015 मध्ये गोवंशहत्याबंदी बैलांपर्यंत आली. कायद्याच्या गुणदोषांची चर्चा हा माझा विषय नव्हे. कथेच्या दृष्टीने झाले ते असे की खाटीक नावाचे पात्र, ज्याच्या भरवशावर निरोपाचा प्रसंग उभा राहत असे, ते रंगभूमीवरून गेले. आता म्हातारा बैल विकला जात नाही, सोडला जातो. एके संध्याकाळी पहटियाने गुरे परत आणली की ते एक जनावर दारात उभे राहते आणि दार उघडले जात नाही. दुसऱ्या दिवशी ते सडकेवर असते. पावसाळ्यात रात्री रायपूरच्या रस्त्याने गेले तर कोरड्या डांबरावर बसलेली ती गुरे मोटारींच्या दिव्यात दिसतात. त्यांपैकी प्रत्येकाला एकदा नाव होते. सोडून देण्यात प्रसंग नाही, खलपुरुष नाही, मोजलेले पैसे नाहीत. आहे ते न उघडलेले दार. जुन्या साच्यातील कथेला येथे काय करावे ते समजत नाही.

उलट बाजूने, 20 जुलै 2020 रोजी, हरेलीच्याच दिवशी, येथील तत्कालीन सरकारने किलोला दोन रुपये दराने शेणाची खरेदी सुरू केली, आणि 'गौठान' हा गावंढळ शब्द शासकीय कागदांवर आला. सरकार 2023 च्या अखेरीस बदलले व ती खरेदी थांबली. योजना कितपत यशस्वी झाली याचा निवाडा अर्थशास्त्रज्ञांनी करावा. मला आठवते ते हे की शेजारणी शेणाचे वजन एकमेकींना सांगत. पिढ्यान्‌पिढ्या उचललेल्या वस्तूला काही काळ आकडा मिळाला होता. त्या वृद्धेने मला तो आकडा सांगितला आणि वर म्हणाली की बेट्याला सांगू नकोस.

प्रसंगाशिवाय कथा उभी राहील काय, असे कोणी विचारील. राहील की नाही हे लेखकाने दाखवावयाचे असते. रायपूरच्या कृषी महाविद्यालयात शिकविणाऱ्या विनोदकुमार शुक्लांनी 'दीवार में एक खिड़की रहती थी' या कादंबरीत एक हत्ती आणला. हत्ती हे काही शेतकऱ्याचे जनावर नव्हे. पण तो हत्ती रघुवर प्रसादांच्या दिवसात येतो तो दिनक्रम म्हणून. कॉलेजात जावयाचे, हत्ती आला का ते पाहावयाचे, तो दारी राहिला तर त्याच्या खाण्याची काळजी करावयाची. कथानक त्याला काही करावयास लावीत नाही. तरीही वाचक पुढे वाचतो. जे हत्तीला जमले ते शेळीला जमू नये असे नाही.

भाषांतराचा दुसरा खर्डा सध्या चालू आहे. 'कोठा' आणि 'छेना' हे शब्द मी तसेच ठेवले आहेत. वाचकाला दोन पानांत त्यांची सवय होईल. एका वाक्यावर मात्र बराच वेळ गेला. पान्हा आल्यावर वासराचे काय करतात हे त्या बाईंनी एका साध्या क्रियापदात सांगितले आहे, आणि पहिल्या खर्ड्यात मी तेथे 'वासराला हळूच दूर केले' असे लिहून ठेवले होते. मूळ आठवणीत 'हळूच' नाही. आता तेथे 'वासराला ओढून बांधले' असे आहे.